बोर्ड बदलायचाय? आधी गेज बघा

"मामा, गेम लय अडकालाय. बोर्ड बदलूया का? कधी यालास?"

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याचा असा फोन आला. त्याचा पीसी आम्ही दोघांनीच २०१८च्या उन्हाळ्यात, सांगलीत गावभागातल्या ताईच्या घरी सतरंजीवर बसून जोडला होता. तेव्हा तो शाळेत होता आणि त्याच्याकडे एकच काम होतं, स्क्रू वाटीत धरून बसायचं. रायझन ५ २६०० प्रोसेसर, ए३२० चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप) दुकानातला जवळपास सगळ्यात स्वस्त मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम. ग्राफिक कार्ड मध्ये एकदा बदललं, आता आरएक्स ६६०० आहे. पोरगा आता इंजिनिअरिंगला आहे आणि स्क्रूची वाटी माझ्या हातात आली आहे.

"बोर्ड बदलून एफपीएस वाढत नसतात," मी सांगितलं.

एफपीएस म्हणजे गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो तो आकडा. त्याला माझं म्हणणं पटलं नाही. बऱ्याच जणांना पटत नाही. गेममधलं गणित प्रोसेसर करतो, चित्र ग्राफिक कार्ड रंगवतं, आणि हाताशी लागणारं सामान रॅम धरून ठेवते. मदरबोर्ड यातलं काहीच करत नाही. तो या सगळ्यांना बसायला जागा देतो, वीज पोचवतो आणि एकमेकांशी बोलायला रस्ते देतो. तेच पार्ट उचलून तिप्पट महाग बोर्डावर बसवले, तरी गेममध्ये एकोणीस-वीसचा फरक पडतो.

मग बोर्ड बदलायचा कधी? तो बिघडला असेल तर. नवा प्रोसेसर त्यावर चालणारच नसेल तर. किंवा दुसरी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), जादा रॅम असं काही लावायचंय आणि जागाच उरली नाही, तर. चौथं कारण म्हणजे बोर्डावरचे रंगीत दिवे. त्या कारणाने बदलणारेही मी बघितलेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पैसे त्यांचे आहेत.

दोष कुणाचा ते आधी ठरवा

रविवारी जाऊन पीसी चालू केला आणि टास्क मॅनेजर उघडला. १६ जीबीच्या जागी ८ जीबीच दिसत होते. गेम अडकण्याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. रॅम निम्मी झाली हे एक, आणि ती एकाच चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच रस्त्यावर, चालत होती हे दुसरं. डीडीआर४ ३२०० रॅमची एक पट्टी सेकंदाला साधारण २५.६ जीबी माल वाहते. दोन पट्ट्या दोन चॅनलवर असल्या की तो आकडा दुप्पट होतो. रायझनसारख्या प्रोसेसरला ते कमी पडलं की सरासरी एफपीएस थोडे घसरतात, पण मधूनमधून बसणारे झटके फार जाणवतात. भाचा "अडकालाय" म्हणत होता ते हेच.

दोन्ही पट्ट्या आळीपाळीने एकाच खाचेत लावून बघितल्या. दोन्ही चालल्या. दुसऱ्या खाचेत कुठलीच चालली नाही. इथे बहुतेक जण "स्लॉट गेला, बोर्ड बदला" म्हणून मोकळे होतात. थोडं थांबायला हवं, कारण आजकाल रॅमशी बोलणारा भाग बोर्डावर नसतो, तो प्रोसेसरच्या आत असतो. प्रोसेसरची एखादी पिन वाकली, तो बसतो त्या सॉकेटमध्ये कचरा गेला, किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला, तरी एक चॅनल गायब होतं. तेव्हा प्रोसेसर काढून बघणं भाग होतं.

आणि इथे मी माती खाल्ली. कूलरचे चार स्क्रू सोडवले आणि सरळ वर ओढला. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहणारी सात वर्षांची पेस्ट वाळून डिंक झालेली. कूलरबरोबर अख्खा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून वर आला, खालच्या पिनांसकट. एएम४ प्रोसेसरला १३३१ पिना असतात आणि त्या सगळ्या प्रोसेसरच्या पोटाला असतात. दोन पिना वाकल्या होत्या. पेन्सिलीत शिसं घालायची ती ०.७ची नळी असते ना, ती पिनेवर चढवून अर्धा तास श्वास रोखून सरळ केल्या. भाचा काही बोलला नाही, पण त्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं.

तुम्ही हे असं करा: आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा गेम चालवून प्रोसेसर तापवा, मग बंद करा. कूलर आधी डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा, चिकटलेलं सुटलं असं हाताला कळलं की मगच उचला.

पिना सरळ करून प्रोसेसर परत बसवला. तरी ती खाच मेलेलीच. म्हणजे दोष बोर्डाचाच होता.

गेज, वेग आणि लाईन क्लिअर

आता प्रश्न आला कुठला बोर्ड घ्यायचा. दुकानात भिंतभर डबे असतात आणि प्रत्येकावर अक्षरं-आकड्यांचा पाऊस. भाच्याला समजावताना मला मिरज जंक्शन आठवलं आणि काम सोपं झालं.

मिरजेत एके काळी तिन्ही गेज होते. पुणे-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाल्यावरही बेळगावकडची गाडी मीटरगेजवर जायची आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची नॅरोगेजवर. रुळांमधलं अंतर ब्रॉडगेजला १६७६ मिलिमीटर, मीटरगेजला १०००, नॅरोगेजला ७६२. एका गेजचा डबा दुसऱ्या गेजवर कितीही हळू चालवला तरी चालत नाही. माल एका डब्यातून उतरवायचा आणि दुसऱ्यात चढवायचा. पण त्याच गेजच्या रुळावर इंजिन ताशी १०० किलोमीटरचं असो वा १३०चं, ते धावतं. रूळ जेवढा सोसेल तेवढ्या वेगाने.

कॉम्प्युटरचे पार्ट या दोन जातींत वाटून बघा.

प्रोसेसरचं सॉकेट म्हणजे गेज. एएमडीचं एएम४ आणि २०२२मध्ये आलेलं एएम५ यांचा एकमेकांशी संबंध नाही. एएम५मध्ये १७१८ संपर्कबिंदू आहेत आणि पिना प्रोसेसरवर नसून बोर्डावर आहेत. इंटेलकडे गेज जास्त लवकर बदलतो. १०वी आणि ११वी पिढी एलजीए १२००वर, १२वी ते १४वी १७००वर, आणि २०२४मध्ये आलेली कोअर अल्ट्रा २०० मालिका १८५१वर.

रॅमसुद्धा गेज. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ संपर्कबिंदू असतात, त्यामुळे लांबून जुळ्या बहिणी वाटतात. पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि विजेची व्यवस्थाही वेगळी असते. एएम५वर फक्त डीडीआर५ चालते. इंटेल १२वी ते १४वीसाठी डीडीआर४चे आणि डीडीआर५चे असे दोन वेगवेगळे बोर्ड मिळतात. नाव जवळपास तेच, शेवटी एक छोटंसं "डी४" लिहिलेलं. तेवढंच चुकतं आणि मग दुकानाच्या दोन चकरा होतात.

ग्राफिक कार्डाची पीसीआय एक्सप्रेस खाच, एनव्हीएमई, यूएसबी, साटा (हार्डडिस्कची जोडणी) ही मंडळी वेगाच्या जातीतली. ४.०चं कार्ड ३.०च्या खाचेत बसतं, चालतं, फक्त ३.०च्या वेगाने. १६ पदरी ३.० रस्ता सेकंदाला सुमारे १६ जीबी वाहतो आणि पुढच्या प्रत्येक पिढीत हे दुप्पट होत जातं. आरएक्स ६६०० हे कार्ड १६ऐवजी ८च पदर वापरतं. म्हणजे जुन्या ए३२० बोर्डावर त्याला ८ जीबीचा रस्ता मिळत होता, नव्यावर १६ मिळेल. ऐकायला दुप्पट, पण बहुतेक गेम तो रस्ता भरतच नाहीत, म्हणून फरक किरकोळ. अपवाद आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या कार्डांचा. त्याला चारच पदर आहेत आणि स्वतःची मेमरीही ४ जीबी. ते जुन्या ३.० बोर्डावर लावलं तर खरंच मार खातं.

एनव्हीएमई एम.२ खाचेत बसते, आणि साटा जातीची एसएसडीसुद्धा त्याच आकारात येते. काही खाचा दोन्ही घेतात, काही एकच. शिवाय कित्येक बोर्डांवर दुसरी एम.२ खाच भरली की साटाची दोन पोर्ट बंद पडतात. जुनी हार्डडिस्क अचानक दिसेनाशी झाली की लोक हार्डडिस्कला शिव्या देतात. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये हे एका ओळीत लिहिलेलं असतं.

इथपर्यंत भाच्याला पटलं. "मग आपला २६०० एएम४ हाय. बी५५० पण एएम४ हाय. घेऊन टाकू बी५५०!"

याच ठिकाणी सगळ्यात जास्त लोक फसतात. गेज जुळला, इंजिन रुळावर उभं राहिलं, तरी स्टेशनमास्तरने लाईन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. बोर्डावरचा स्टेशनमास्तर म्हणजे बायोस. कुठल्या प्रोसेसरला ओळखायचं, त्याला किती व्होल्ट द्यायचे, याची यादी त्याच्याकडे असते. यादीत नाव नसेल तर पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. बी५५०च्या यादीत एएमडीने रायझन ३००० आणि त्यापुढचे प्रोसेसर ठेवले. २६०० त्यात नाही. पिना जुळतात, सॉकेटची कडी लागते, आणि पुढे काहीच होत नाही.

इंटेलवाल्यांनी हसू नये. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये आठवी पिढी आली ती सहाव्या-सातव्या पिढीच्याच ११५१ सॉकेटच्या नावाने, आणि चालायला मात्र ३०० मालिकेचा नवा चिपसेट लागला. लोकांनी जुन्या बोर्डावर आठवी पिढी बसवली आणि काळ्या पडद्याकडे बघत बसले.

या यादीचं राजकारणही होतं. २०२०च्या मे महिन्यात एएमडीने जाहीर केलं की येणारे रायझन ५००० जुन्या ४०० मालिकेच्या (बी४५०सारख्या) बोर्डांवर चालणार नाहीत. कारण असं सांगितलं की बायोसची चिप १६ एमबीची असते आणि इतक्या पिढ्यांची माहिती त्यात मावत नाही. ज्यांनी पुढचा विचार करून बोर्ड घेतले होते ते खवळले, आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला. पुढे २०२२मध्ये तर ३०० मालिकेलाही, म्हणजे आमच्या ए३२०च्या भाऊबंदांनाही, ५००० मालिका खुली झाली. काही बोर्डांना ती जागा करताना जुन्या प्रोसेसरांची नावं यादीतून खोडावी लागली. तेव्हा चिप लहान होती हे खरं, आणि इच्छा असली की मार्ग निघत होता हेही खरं.

सांगायचा मुद्दा, दुकानात जाण्याआधी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जा, त्या बोर्डाच्या पानावर "सीपीयू सपोर्ट" म्हणून यादी असते, त्यात आपला प्रोसेसर शोधा. नावापुढे बायोसची कुठली आवृत्ती लागते तेही लिहिलेलं असतं. दुकानदार "चालतंय की, न चालायला काय झालं" म्हणाला तरी बघा. तो खोटं बोलत नसतो, त्याने तो जोड लावून बघितलेला नसतो.

आम्ही काय ठरवलं

वाटा तीन होत्या. २६०० ठेवायचा आणि बी४५० बोर्ड घ्यायचा. किंवा बी५५० बोर्ड आणि रायझन ५ ५६०० दोन्ही घ्यायचं, रॅम तीच. किंवा गेजच बदलायचा, एएम५ बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी डीडीआर५ रॅम.

साध्या काळात मी तिसरी वाट सुचवली असती. एएम४चा रस्ता आता संपत आलाय, एएम५वर पुढे प्रोसेसर बदलायला वाव आहे. पण २०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव असे भडकले की डीडीआर५च्या दोन पट्ट्यांची किंमत ऐकून ताईने आधी आमच्याकडे आणि मग देवाकडे बघितलं. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी हवी, कारखाने तिकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये जाहीरच केलं की घरगुती ग्राहकांचा आपला क्रूशियल ब्रँड बंद करणार. अशा दिवसांत घरात धडधाकट १६ जीबी डीडीआर४ पडून असताना गेज बदलणं म्हणजे हळद पेवात भरलेली असताना बाजारातून चढ्या भावाने विकत आणणं.

दुसरी वाट घेतली. आकडे इथे मुद्दाम देत नाही, लिहीपर्यंत ते शिळे होतात.

प्रोसेसर घेताना एक बघा: ५६०० आणि ५६००जी वेगळे आहेत. जी-वाल्यात स्वतःचं ग्राफिक असतं, पण पीसीआय एक्सप्रेस ३.०चंच. ५५००मध्येही पीसीआय एक्सप्रेस ३.०चंच. बोर्ड ४.०चा घेऊन वर यातला प्रोसेसर बसवला तर त्या ४.०चे पैसे वाया.

आता बी५५०मध्येसुद्धा दहा बोर्ड. फरक कशात? मी दोन गोष्टी बघतो.

पहिली वीज. पीसीचा पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, बोर्डाला १२ व्होल्ट देतो. प्रोसेसरला लागतात सव्वाच्या आसपास. हे खाली आणण्याचं काम सॉकेटभोवतीचे चौकोनी ठोकळे करतात, त्याला व्हीआरएम म्हणतात. ५६०० हा साधा ६५ वॅटचा म्हणवला जाणारा प्रोसेसर, पण जोर लावला की ७६ वॅटपर्यंत खेचू शकतो. ७६ वॅट भागिले सव्वा व्होल्ट, म्हणजे साठेक अँपिअर. बाथरूममधला २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर नऊ अँपिअरही घेत नाही! गिझरच्या सातपट करंट तळहाताएवढ्या जागेतून वाहतो. म्हणून त्या ठोकळ्यांवर ॲल्युमिनियमचं झाकण आहे का ते बघायचं. ५६००ला साधं झाकण पुरतं. बारा-सोळा कोअरचा १०५ वॅटवाला प्रोसेसर, जो १४२ वॅटपर्यंत जातो, तो उघड्या ठोकळ्यांच्या स्वस्त बोर्डावर लावला तर ठोकळे तापतात आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग आपणहून खाली ओढतो. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात तर बोलायलाच नको.

दुसरी गोष्ट रस्त्यांची वाटणी. रायझन ५६००कडून ४.०चे २४ पदर निघतात. १६ ग्राफिक कार्डाला, ४ पहिल्या एनव्हीएमईला आणि ४ चिपसेटकडे. साटा, दुसरी एम.२, बरेचसे यूएसबी, लॅन हे सगळे चिपसेटच्या मागे उभे, आणि बी५५०मध्ये ती चार पदरांची वाट ३.०च्या वेगाची. मेन लाईन आणि शाखा लाईन असंच समजा. म्हणून विंडोज आणि मोठे गेम पहिल्या, प्रोसेसरजवळच्या एम.२मध्ये टाकायचे.

मापंही बघा. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४. लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, उलट नाही.

जुना बोर्ड कुणाकडून घेत असाल तर आपल्या गावात एक तपासणी जास्तीची करा. २०१९चा आणि २०२१चा पूर आपण बघितलाय. स्क्रूच्या भोकांच्या कडा, पोर्टांच्या आतली बाजू, हीटसिंकच्या खाली टॉर्च मारून बघा. पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड दिसली तर तो बोर्ड पाणी प्यायलेला आहे. आज चालेल, पुढच्या पावसाळ्यात नाही. नवा घेताना बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटीत बोर्ड पाठवायचा झाला तर दुकानदार पाठवणार की तुम्ही, हे पैसे देण्याआधी विचारा.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात जास्त रडारड इथेच होते.

विंडोजचं ॲक्टिव्हेशन बोर्डाला बांधलेलं असतं. बोर्ड बदलला की विंडोजच्या लेखी तो नवा कॉम्प्युटर. म्हणून जुना बोर्ड चालू असतानाच विंडोज आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या, नंतर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये "मी नुकतंच हार्डवेअर बदललं" म्हणून सांगता येतं. तयार ब्रँडेड मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स मात्र त्या बोर्डाबरोबरच जातं.

त्याहून मोठी भानगड बिटलॉकरची. विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने चालू केलं असेल तर कित्येकदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते, होम आवृत्तीत त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. या कुलपाची चावी टीपीएम नावाच्या सुरक्षेच्या भागात असते. रायझनमध्ये टीपीएम प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे प्रोसेसर किंवा बोर्ड बदलला की चावी गेली. मग निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतात. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवलेली असते, पण ते बघायला दुसरा फोन आणि पासवर्ड आठवायला हवा. सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन आधीच बंद करा किंवा की कागदावर लिहून घ्या. भाच्याच्या पीसीवर ते चालू होतं. त्याला पत्ताच नव्हता.

नव्या बोर्डाचे लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. नाहीतर नव्या बोर्डावर नेट नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही.

फॉरमॅट मारायचा का? एएमडीवरून एएमडीवर जाताना मी मारत नाही. विंडोज पहिल्यांदा चालू होताना थोडा वेळ घेऊन आपलं आपण जुळवून घेतं, वर चिपसेटचा ड्रायव्हर टाकला की झालं. इंटेलवरून एएमडीवर किंवा उलट जाताना मात्र डेटा बाजूला काढून स्वच्छ विंडोज टाकतो.

बायोस अपडेट करायचा असेल तर यूपीएसवर करा. मध्येच लाईट गेली तर चिप अर्धवट लिहिलेली राहते आणि बोर्ड मुका होतो. काही बोर्डांना मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल, मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने, आणि प्रोसेसर-रॅम काहीही न लावता अपडेट होतो. ते बटण असलेला बोर्ड थोडा महाग पडला तरी घ्यावा असं माझं मत आहे.

जोडताना

सतरंजी या वेळी गुंडाळून ठेवली. नायलॉन, सतरंजी आणि हिवाळ्याची कोरडी हवा, अंगावर स्थिर वीज साठते. आपल्याला झटका जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, चिप त्याच्या कितीतरी आधी मरू शकते. टेबलावर काम करा आणि मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावत राहा. ताईने भडंगाची परात आणून ठेवली, ती मी दुसऱ्या खोलीत पाठवली. सॉकेटमध्ये शेंगदाण्याचं साल ही वॉरंटीत बसणारी गोष्ट नाही.

तारा काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो. पॉवर बटणाच्या आणि लहान दिव्यांच्या त्या बारक्या तारा नंतर कुठे होत्या ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. बटणाची तार उलट लागली तरी चालते. दिव्याची उलट लागली तर दिवा लागत नाही, एवढंच.

नवा बोर्ड थेट कॅबिनेटमध्ये आवळू नका. त्याच्याच पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवा, प्रोसेसर, कूलर, रॅम आणि ग्राफिक कार्ड लावा, एसएमपीएसच्या तारा जोडा आणि डिस्प्ले येतो का ते बघा. पॉवर बटण नसतं, तर त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. एवढ्याने बोर्ड चांगला आहे हे सिद्ध होतं आणि नंतर कॅबिनेटमध्ये काही अडलं तर दोष बसवण्यात आहे हे कळतं.

रॅमच्या चार खाचा असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. शेजारी-शेजारी लावल्या तर पुन्हा एकच चॅनल, म्हणजे बोर्ड बदलून दुखणं तिथेच.

कॅबिनेटमध्ये बसवताना खालच्या पितळी खुंट्या मोजा. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच खुंटी हवी. मोठ्या बोर्डासाठी लावलेली एखादी खुंटी लहान बोर्डाखाली तशीच राहिली तर ती मागच्या डागांना टेकते आणि शॉर्ट होतो. पोर्टांभोवतीची पत्र्याची पट्टी सुटी आली असेल तर ती आधी बसवायची. ती विसरून, सगळे स्क्रू आवळून, मग कपाळाला हात लावला नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

आणि प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची तार. ती बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते आणि बोर्ड बसल्यावर तिथे बोट जात नाही. ही तार राहिली की पंखे फिरतात, दिवे लागतात, डिस्प्ले मात्र नाही. "नवा बोर्ड डेड निघाला" म्हणून दुकानात परत नेलेले बोर्ड कित्येकदा याच तारेपायी गेलेले असतात. ग्राफिक कार्डाची आठ पिनांची तार दिसायला तशीच, पण आतली वीज उलटी असते. ती प्रोसेसरच्या जागी बसत नाही. बसत नाही म्हणजे बसवायची नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा.

"मामा…"

एचडीएमआयची तार बोर्डाच्या मागच्या पोर्टला लागली होती. ५६००ला स्वतःचं ग्राफिक नसतं, तार कार्डाला लावायला हवी. लावली, आणि पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या की नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएम (प्रोसेसरमधला टीपीएम) पुसून नवा करायचा का, वाय की एन. इथेच एन्क्रिप्शन बंद न करता वाय दाबलं की ४८ आकड्यांची आठवण होते. आमचं बंद होतं, वाय दाबलं.

तुम्ही डीडीआर५वर गेला असाल तर पहिल्या वेळी पडदा बराच वेळ काळा राहतो, कधी कधी काही मिनिटं. बोर्ड रॅमशी ताल जुळवत असतो. घाबरून बटण बंद करू नका, बोर्डावरचा रॅमचा दिवा बघत चहा प्या.

शेवटचं काम बायोसमध्ये. नवा बोर्ड रॅम सावध वेगाने चालवतो, २१३३ किंवा २४००. डब्यावर ३२०० लिहिलेलं असलं तरी एक्सएमपी, काही बोर्डांवर डीओसीपी, चालू केल्याशिवाय तो वेग मिळत नाही. हे एक सेटिंग वर्षानुवर्षं विसरलेली मशीन मी बघितली आहेत. तिथेच टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू आहेत का तेही बघून घ्या. बॅटलफील्ड ६सारखे गेम सिक्युअर बूटशिवाय उघडतच नाहीत.

टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी, ३२०० दिसलं. गेम अडकायचा थांबला आणि एफपीएसही वाढले. ते ५६००मुळे आणि दुसऱ्या चॅनलमुळे, बोर्डामुळे नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्याने हेडफोन घातले होते.

ताई म्हणाली, "मग हा जुना बोर्ड नि तो प्रोसेसर चालतोय ना अजून? मला दे बिलं करायला."

चालतोय. एक खाच मेली असली तरी ८ जीबीवर तिचं काम निवांत होईल. फक्त २६००लाही स्वतःचं ग्राफिक नाही, डिस्प्लेसाठी कुठलं तरी जुनंपानं कार्ड लागेल, आणि रॅमची एक पट्टी. तोवर बोर्ड त्याच्या पिशवीत, पोर्टाच्या पत्र्याच्या पट्टीसकट, माळ्यावर ठेवलाय. कुणाकडे पडलेलं लहानसं कार्ड आहे का, ते मी बघालोय.